आमचा शोधनिबंध आम्हीच मागे घेतला

निबंध छापून 14 महिने झाले होते. लॅबमध्ये नवीन आलेल्या विद्यार्थिनीला मी सरावासाठी आमच्याच निबंधातलं विश्लेषण पुन्हा करायला दिलं होतं. एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "ताई, तिसऱ्या प्लेटचे आकडे जुळतच नाहीयेत. बहुतेक माझंच काहीतरी चुकतंय."

तिचं चुकत नव्हतं.

एका रसायनामुळे पेशींची वाढ मंदावते का, हे आम्ही तपासत होतो. एकूण तीन बॅचेस, दर बॅचला 96 खणांची एक प्लेट. कुठल्या खणात रसायन आहे हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून प्रत्येक नमुन्याला फक्त कोड नंबर दिलेला असे. मशीनमधून आलेली वाचनं मी स्प्रेडशीटमध्ये घ्यायचे आणि शेजारच्या रकान्यात कोड भरायचे. तिसऱ्या प्लेटच्या वेळी मी कोडचा रकाना चढत्या क्रमाने लावला. अशा वेळी प्रोग्राम विचारतो, शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का? मी चुकीचं बटण दाबलं असणार. कोड हलले, वाचनं जागच्या जागी राहिली.

निव्वळ सरमिसळ झाली असती तर बहुधा काहीच दिसलं नसतं. पण सुरुवातीचे बरेचसे कोड रसायनाच्या गटाला दिले गेले होते. ते काम चिठ्ठ्या टाकल्यासारखं, पूर्ण यदृच्छेने व्हायला हवं होतं. ते घाईत उरकलं गेलं. आणि मशीनच्या यादीत सगळ्यात आधी येते ती प्लेटची कडेची ओळ. कडेच्या खणांमधलं पाणी लवकर उडतं, त्यामुळे तिथली वाचनं मधल्या खणांपेक्षा वेगळी येतात, हे पेशींवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सॉर्ट केल्यावर रसायनाचे कोड नेमके त्या कडेच्या ओळीवर जाऊन बसले. पहिल्या दोन प्लेटांत फरक जेमतेम होता. निष्कर्ष उभा होता तो तिसऱ्या प्लेटवर. आम्ही रसायनाचा परिणाम म्हणून जो छापला, तो बाष्पीभवनाचा होता.

हे सगळं मला दोन दिवसांत कळलं. सरांना मी ते सांगितलं नवव्या दिवशी.

मधल्या सात दिवसांबद्दल लिहायलाच हवं, कारण या सगळ्या प्रकरणात खरा धोका होता तो तिथेच. मी तेच गणित पाच वेळा केलं. मग इतरांपेक्षा फार लांब पडणारे दोन बिंदू वगळून पाहिले. फरक थोडा वाढला. आणखी एक वगळला तर? त्या बिंदूंसाठी कारणही तयार होतं माझ्याकडे, खणात बुडबुडा आला असेल. तसं कुठेही नोंदवलेलं नव्हतं. हात थांबला तो तिथे. संशोधनातल्या गैरवर्तनाची अमेरिकेच्या केंद्र सरकारने 2000 साली केलेली व्याख्या आम्हाला कोर्सवर्कमध्ये शिकवली होती: डेटा रचणं, डेटात फेरफार करणं आणि वाङ्मयचौर्य. प्रामाणिक चूक त्यात येत नाही, असं त्या व्याख्येत स्पष्ट म्हटलं आहे. रकाना चुकीचा हलवला तेव्हा मी चूक केली होती. आता मी जे करू पाहत होते ते फेरफारात मोडलं असतं. आणि दोन्हींमध्ये अंतर किती, तर एका बिंदूचं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मशीनच्या मूळ फाइल्स आहेत ना?" होत्या. "मग त्यांची आत्ताच्या आत्ता एक प्रत काढ, आणि यापुढे मूळ फाइल उघडायचीसुद्धा नाही." चिडणं, धीर देणं, यांतलं काहीही त्यांनी त्या दिवशी केलं नाही. मला त्याचाच आधार वाटला.

सहलेखक पाच जण. सगळ्यांना एकाच वेळी, चुकलेलं आणि दुरुस्त केलेलं अशी दोन्ही शीट जोडून ईमेल गेलं. एकाचं म्हणणं पडलं की शुद्धिपत्र पुरेल, आकृती बदलून देऊ. दुसऱ्याच्या पीएचडीच्या प्रबंधातलं एक प्रकरण या निबंधावर उभं होतं. तो दोन दिवस बोललाच नाही. त्याच्यावर मला राग धरता आला नाही. चूक माझी होती आणि किंमत त्याला मोजावी लागणार होती.

शुद्धिपत्र की माघार, यावर आम्ही बराच वेळ घासाघीस केली. शेवटी उपयोगी पडली ती 'कोप'ची मार्गदर्शक तत्त्वं. कोप म्हणजे कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, जर्नलांच्या संपादकांनी 1997 मध्ये सुरू केलेली संस्था. त्यांची कसोटी साधी आहे. मोठ्या निबंधातला लहानसा भाग चुकला असेल आणि निष्कर्ष टिकत असेल, तर दुरुस्ती. निष्कर्षावरच विश्वास ठेवता येत नसेल तर माघार, मग कारण गैरवर्तन असो की प्रामाणिक चूक. म्हणजे निबंध मागे घेणं ही लेखकाला दिलेली शिक्षा नसते. वाचणाऱ्याला दिलेली ती सूचना असते. हे वाचल्यावर शुद्धिपत्राचा आग्रह धरणारे सहलेखक स्वतःहून म्हणाले, "मग प्रश्नच उरत नाही."

त्यानंतर इन्स्टिट्यूटच्या समितीपुढे गेले. मला वाटलं होतं, मी स्वतःहून आले आहे, एवढ्यावर काम भागेल. तसं झालं नाही, आणि ते योग्यच होतं. समितीतल्या एका बाईंनी सरळ विचारलं, "ही चूकच होती, हे आम्ही कशावरून मानायचं?"

मी प्रामाणिक आहे हे मला माहीत होतं. त्यांना ते दिसणार कुठून? हेतू कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. त्या खोलीत माझ्या शब्दाला काडीचं वजन नव्हतं. वजन होतं ते नोंदींना. त्यांनी नोंदवही मागितली. प्रयोगाच्या दिवसांच्या नोंदी होत्या, तारखेसह, शाईत, खोडलेलं वाचता येईल अशी एकच रेघ मारून. पण शीट सॉर्ट केलं त्या दिवसाचं पान नव्हतंच. आकडेमोड हा प्रयोगाचा भाग आहे असं मी धरतच नव्हते. पिपेट हातात असला की नोंद करायची, माउस हातात असला की नाही.

वाचवलं ते बॅकअपने. लॅबच्या सर्व्हरवर त्या शीटची आदल्या दिवशीची प्रत आपोआप राहिली होती. दोन्ही प्रती शेजारी लावल्यावर सगळं स्पष्ट झालं: एकही वाचन बदललेलं नाही, कोड मात्र 1 पासून शेवटपर्यंत सलग चढत गेलेले. मुद्दाम फेरफार करणारा माणूस त्याला हवे तेवढेच आकडे हलवील. इथे सगळाच रकाना यांत्रिकपणे सरकला होता. समितीचा अहवाल अनवधानाने झालेली चूक असा आला, आणि त्याच अहवालात विश्लेषणाची नोंद न ठेवल्याबद्दल ठपकाही होता. तो मला मान्य आहे.

त्या आठवड्यांत मी इतरांची उदाहरणं शोधून शोधून वाचत होते. जेफ्री चँग यांच्या प्रयोगशाळेतल्या एका प्रोग्रामने डेटाचे दोन रकाने उलटसुलट केले होते. त्यातून प्रथिनांच्या रचना चुकीच्या निघाल्या आणि शेवटी पाच निबंध मागे घ्यावे लागले. रसायनशास्त्राचं 2018 चं नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस आर्नल्ड यांनी 2019 चा एक निबंध पुढच्याच जानेवारीत मागे घेतला. निकाल पुन्हा मिळत नव्हते, आणि वही तपासल्यावर महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या त्या वेळच्या नोंदी आणि मूळ डेटा त्यात सापडले नाहीत. हे त्यांनी स्वतः जाहीर केलं, आणि आपलं पुरेसं लक्ष नव्हतं असं म्हणून माफी मागितली. ते वाचून मी माझ्या वहीतलं ते नसलेलं पान पुन्हा शोधलं. वेड्यासारखं, सापडणार नाही हे माहीत असताना.

संपादकांना लिहायच्या पत्राचे आठ-नऊ मसुदे झाले. पहिल्यात "डेटा हाताळताना काही त्रुटी राहून गेली" असलं गुळमुळीत वाक्य होतं. सरांनी त्यावर काट मारली. "कुणी केलं, काय केलं, कशामुळे निष्कर्ष पडला. वाचणाऱ्याला कोडं घालू नकोस." शेवटच्या पत्रात रकाना, सॉर्ट, कडेची ओळ हे सगळं आलं. चूक शोधणाऱ्या विद्यार्थिनीचे आभारही आले, तिची परवानगी घेऊन. ती आधी घाबरली होती, वरिष्ठांची चूक काढणारी म्हणून आपलं नाव होईल म्हणून. तिने "माझंच चुकतंय" अशी सुरुवात केली होती, ती का, हे मला तेव्हा समजलं. लॅबमध्ये तसं बोलावं लागत असेल तर त्याची जबाबदारी आम्हा जुन्या मंडळींची आहे.

जर्नलला पाच महिने लागले. निबंध वेबसाइटवरून काढून टाकत नाहीत, तो तसाच राहतो. प्रत्येक पानावर तिरकं 'मागे घेतला' असं उमटतं आणि सोबत कारण सांगणारी सूचना जोडलेली असते, कुणालाही पैसे न देता वाचता येईल अशी. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा माझ्या नावावरून गेलेली ती तिरकी अक्षरं मी बराच वेळ बघत बसले.

लॅबमध्ये काही गोष्टी बदलल्या. मूळ फाइल्स फक्त वाचता येतील अशा ठेवतो. आकडेमोड हाताने करायची नाही, स्क्रिप्टने करायची, म्हणजे प्रत्येक पायरी मागे उरते. नमुने प्लेटवर यदृच्छेने मांडतो, कडेचे खण नुसत्या द्रावणाने भरून सोडून देतो. निबंध पाठवण्याआधी ज्याचं त्यावर नाव नाही असा कुणीतरी मूळ फाइलपासून सगळं एकदा करून बघतो. याला वेळ लागतो, कधी दोन-दोन आठवडे. त्यावरून कुरकुर होते, कधी माझ्याकडूनही.

सूचना प्रसिद्ध झाल्यावर तीनेक आठवड्यांनी एका अनोळखी संशोधकाचं ईमेल आलं. दुसऱ्या देशातला, पीएचडीचं तिसरं वर्ष. आमच्या निबंधावरून त्याने पुढचा प्रयोग आखला होता आणि जवळजवळ वर्षभर त्याला तो परिणाम मिळत नव्हता. रसायन बदलून पाहिलं, पेशी बदलून पाहिल्या. शेवटी त्याने आणि त्याच्या गाइडने मिळून असं ठरवलं होतं की दोष त्याच्या हाताचा आहे. पत्रात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

मी त्याला तिन्ही प्लेटांच्या मूळ फाइल्स पाठवल्या, नवं विश्लेषण पाठवलं, आणि त्याच्या गाइडना वेगळं पत्र लिहिलं की त्याचे निकाल पहिल्यापासून बरोबर होते. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. त्याला ते चुकलेलं शीटही हवं होतं, नेमकं काय झालं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. तेही पाठवलं.