आक्तुन तुनिचिल मुकनाल: मोजे विसरू नका

आक्तुन तुनिचिल मुकनाल ही मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातली गुहा; प्राचीन माया लोक इथे विधी करत. ती पाहायची तर मुक्काम सान इग्नासिओ गावी ठेवा. तिथून टपीर माउंटन अभयारण्याच्या दारापर्यंत गाडीने तासभर, मग पाऊण तासाची पायवाट आणि रोअरिंग क्रीक हा ओढा तीनदा ओलांडायचा. परवानाधारक वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. जीन्स नको, भिजली की जड होते. पकड असलेले बंद बूट घाला. मोज्यांचा कोरडा जोड वाटाड्याच्या जलरोधक पिशवीत द्या.

गुहेच्या तोंडाशी थोडं पोहून आत शिरावं लागतं. पुढे बराच वेळ पाण्यातूनच चाल. काही फटी इतक्या अरुंद की मान तिरकी करून डोकं काढावं लागतं. इथे उंच माणसांचीच जास्त फजिती होते. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट आधीच मागा.

मग दगडांवरून चढून मुख्य दालनात. बूट इथे उतरतात. मोजे सक्तीचे, कारण घामट तळव्यांचं तेल चुनखडीच्या थराला मारक असतं आणि बुटांत पायाखालचं खापर कळत नाही. माया लोकांनी विधींची भांडी जिथे ठेवली तिथेच आहेत, काही तर वाटेच्या अगदी कडेला. वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवा. २०१२ मध्ये एका पर्यटकाचा कॅमेरा इथल्या एका प्राचीन कवटीवर पडून ती फुटली. तेव्हापासून कॅमेरा, फोन सगळं बंद. नियम योग्यच आहे.

भांडी नीट न्याहाळा. बऱ्याच भांड्यांना मुद्दाम भोक पाडलंय किंवा काठ फोडलाय: विधी झाला की भांड्यातला प्राण मोकळा करायचा. बहुतेक भांडी इ. स. ७०० ते ९०० मधली. माया लोकांच्या लेखी गुहा म्हणजे शिबाल्बाचं, पाताळाचं दार आणि पर्जन्यदेव चाकचं घर. त्या काळात दुष्काळ वाढत गेले, तसे विधी गुहेत अधिकाधिक खोल सरकले आणि नैवेद्याबरोबर नरबळीही आले, असं अभ्यासक मांडतात. किमान १४ जणांचे अवशेष इथे सापडलेत, लहान मुलांचेही.

शेवटी शिडी चढून ‘क्रिस्टल मेडन’ (स्फटिककन्या) नावाचा सांगाडा. नावात कन्या असली तरी हा सांगाडा किशोरवयीन मुलाचा असावा, असं आता मानतात. हाडांवर कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाचा थर चढल्याने ती दिव्याच्या उजेडात चमकतात.

फेब्रुवारी ते मे बरा काळ. पावसाळ्यात पाणी चढलं की गुहा बंद ठेवतात. म्हणून एक दिवस हाताशी राखूनच आरक्षण करा.