बॅटरी नवी, तरी सेल्फ का घेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: घरची मोठी गाडी आहे, ओम्नी, एको, टवेरा नाहीतर जुनी इनोव्हा. बारा-पंधरा वर्षं झाली. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या टाकल्या, तरी सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) घेत नाही, हेडलाइट मंद आहेत, हॉर्न मनात आलं तर वाजतो. आता सगळं वायरिंग नवं करायचं, की गाडी काढून टाकायची?

यातलं काहीही करण्याआधी तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. जुन्या गाडीत तांब्याची तार सहसा बिघडत नाही. बिघडतो तिचा सांधा: टर्मिनल, थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), बॉडीला लावलेला अर्थचा (अर्थिंगचा, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेचा) नटबोल्ट, फ्यूजची पकड. सांधा बॅटरी बदलून सुधारत नाही. म्हणून नवी बॅटरी आठ दिवस बरी चालते आणि मग तीही बसते.

पहिलं माप रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर घ्या, दार उघडून दिवे लागायच्या आत. मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल टोक धन टर्मिनलला, काळं ऋणाला. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून आणा, त्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी खरी निघणार नाही. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. ९.६ च्या वर टिकला तर बॅटरीत दम आहे. १२.६ वरून थेट आठ-सातवर कोसळला तर बॅटरी संपलेली असू शकते, किंवा सेल्फ आतून जड झालेला असू शकतो आणि प्रमाणाबाहेर करंट ओढत असतो. पण आकडा ११ च्या वर राहिला आणि सेल्फ तरीही नुसता ‘टिक’ करून थांबला, तर बॅटरीकडे करंट आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाही. बहुतेक लोक नेमके इथे चुकतात आणि बॅटरीच्या दुकानात जातात.

आता अर्थबद्दल, कारण माझ्या मते जुन्या गाड्यांच्या निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. त्याला बॉडीशी आणि बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी एक जाड केबल किंवा विणलेली पट्टी असते. सेल्फ फिरताना छोट्या पेट्रोल इंजिनातही शंभर ते दीडशे अँपिअर त्या पट्टीतून परत येतात, मोठ्या डिझेलमध्ये त्याहून बरेच जास्त. पट्टीच्या टोकाला गंज चढून फक्त एक शतांश ओहम रोध वाढला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. घरच्या मीटरवर हा रोध ओहममध्ये दिसतच नाही, म्हणून ‘वायर तर चेक केली, ओके आहे’ असं ऐकायला मिळतं. तो दिसतो करंट वाहत असताना, व्होल्टमध्ये.

त्यासाठी काळं टोक बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवा. क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर दाबा. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थ खराब आहे, चर्चा संपली. धन बाजूलाही तेच: बॅटरीचा धन खांब आणि सेल्फचा जाड बोल्ट, इथे ०.५ पर्यंत चालतं. मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या ऋणाला आणि दुसरं इंजिनच्या धातूला लावून सेल्फ मारा. गाडी झटक्यात उठली तर दोष पट्टीत. पट्टी पूर्ण गेली की करंट दुसरी वाट शोधतो आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या तारेतून परत येतो. ती तार गरम होऊन जड चालायला लागते, कधी जळते. क्लचची तार वारंवार जात असेल तर अर्थ तपासा.

दुरुस्ती सोपी आहे. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज सँडपेपरने घासून चकचकीत धातू उघडा करा, थिंबल घासा, नवीन स्टार वॉशर टाकून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन जोडणीनंतर, आधी नाही. पट्टीच्या तारा हिरव्या पडून तुटत असतील तर नवी टाका. बॅटरी सोडवताना आधी ऋण, लावताना ऋण शेवटी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. धन टोकावर पाना असताना तो बॉडीला लागला तर हात भाजतो.

डायनॅमो, म्हणजे अल्टरनेटर, दोन मिनिटांत तपासून होतो. गाडी चालू, रेस थोडी वाढवलेली: १३.८ ते १४.५. हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावल्यावरही तेरा-साडेतेराच्या वर राहायला हवं. १५ च्या पुढे जात असेल तर कटआउट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, गेलाय. बॅटरी उकळते आणि बल्ब पटापट उडतात. नंतर मीटर एसीवर करून त्याच टर्मिनलवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आतला डायोड गेला असण्याची शक्यता मोठी, आणि असा डायोड रात्री बॅटरी खातही बसतो. एक जुनी पद्धत मात्र कुणालाही करू देऊ नका: चालू गाडीत बॅटरीची केबल काढून डायनॅमो बघणं. कार्बोरेटरच्या जमान्यात ते खपून जायचं. इसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) असलेल्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेजची जी उसळी येते, ती काही हजारांचा इसीयू घेऊन जाऊ शकते.

गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरत असेल, तर चोरटा करंट शोधावा लागतो. सगळं बंद, चावी बाहेर. बोनेट किंवा दार उघडं ठेवावं लागलं तर त्याची खटकी स्क्रूड्रायव्हरने बंद करा, नाहीतर आतला दिवाच मोजला जाईल. ऋण केबल काढून मीटर १० अँपिअरवर ठेवा, लाल टोक त्याच्या वेगळ्या भोकात घाला आणि केबल व खांब यांच्यामध्ये लावा. वीस-तीस मिनिटं थांबा, सेंट्रल लॉकिंगसारख्या वस्तू झोपी जायला वेळ घेतात. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर निश्चिंत राहा. ३०० निघाला, तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर गेले, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याला आकडा पडेल त्या लाइनवर चोर आहे. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

चोर बहुधा नंतर बसवलेली वस्तू निघते. बाहेरून घेतलेल्या म्युझिक सिस्टीमची पिवळी वायर कायमच्या लाइनवर हवी आणि लाल चावीच्या लाइनवर. घाईत दोन्ही एकत्र पिळल्या की सेट रात्रभर अर्धवट जागा राहतो. रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस, गॅस किटचं वायरिंग हेही याच क्रमाने बघा.

नागपुरात उन्हाचा हिशेब वेगळा करावा लागतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीतली रासायनिक झीज साधारण दुपटीने होते. नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा पंचेचाळीसला टेकतो आणि बोनेटखाली त्याहून किती तरी जास्त असतं, त्यामुळे इथे बॅटरी तीन-चार वर्षं टिकली तर तिने काम केलं म्हणायचं. मार मे महिन्यात बसतो. उघडकीला डिसेंबरात येतो, जेव्हा थंड इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. (डिझेल गाडीत सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, असं थंडीत झालं तर बॅटरी सोडून ग्लो प्लग, म्हणजे सुरू करताना इंजिन आतून तापवणारे प्लग, बघा.) झाकणाच्या बॅटरीत मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. प्लेटा बुडालेल्या हव्यात आणि भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याने कूलरच्या खसवर जो पांढरा थर बसतो, ते क्षार बॅटरीत घालायचे नाहीत. आरओचं पाणीही चालत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा. ते पाणी बॅटरीच्या झाकणात जाता कामा नये.

उन्हाचा दुसरा मार टेपवर. नुसती पिळून काळी टेप गुंडाळलेली जोडणी एका उन्हाळ्यात सुटते, डिंक वितळून टेप सरकते. थिंबल किंवा जॉइंट पिनने दाबून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. घरगुती वायर इंजिनजवळ वापरू नका, तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांसाठी असतं. गाडीसाठीची वायर मागून घ्या.

मंद हेडलाइटसाठी शंभर वॉटचे बल्ब टाकतात, ते मला अजिबात पसंत नाही. ६० वॉटचा बल्ब पाच अँपिअर घेतो, १०० वॉटचा आठच्या वर, आणि तो सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या जुन्या कॉम्बिनेशन स्विचमधून जातो. स्विच वितळतो, होल्डर काळा पडतो. आधी दिवे लावून होल्डरवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १३.५ आणि होल्डरवर ११.५ असेल तर प्रकाश तिथेच गेलाय. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. चार पिनांचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा: ३० नंबरला बॅटरीहून फ्यूजमार्गे २.५ चौरस मिमीची वायर, ८७ बल्बला, ८५ अर्थला, ८६ ला जुन्या स्विचची लाइन. हाय आणि लो बीमला वेगळा रिले. तेच ६० वॉटचे बल्ब पुन्हा नीट उजेड देतात. इंडिकेटर दिल्यावर मागचा पार्किंग लाइटही लुकलुकत असेल तर मागच्या दिव्याचा अर्थ सुटलाय. इंडिकेटर एकाच बाजूला भरभर टिकटिकत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेलाय.

डिक्की बंद केली की फ्यूज उडतो, नंबर प्लेटचा दिवा कधी लागतो कधी नाही, असं असेल तर डिक्कीच्या बिजागरीजवळची रबरी नळी सोडून आत बघा. हजारो वेळा वाकून वायरींचं कवच तिथे तडकतं. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली शिरतात. गाडी आठवडाभर हलली नसेल तर सेल्फ मारण्याआधी टॉर्चने एकदा वायरी बघा.

फ्यूज मात्र जेवढ्याचा तेवढाच: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. पंधराच्या जागी तीस घातला की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती वायर सीटच्या गालिच्याखालून गेलेली असते जिथे मुलं बसतात. पिवळ्या वेष्टनातल्या एअरबॅगच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका.

वायरमनकडे जाल तेव्हा हे पाच आकडे कागदावर लिहून न्या: रात्रभरानंतरचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं, अर्थवरचं, चालू गाडीचं आणि झोपलेल्या गाडीचा करंट.