मालवणात चार रात्री, दोघांपुरत्या मांगरात

मालवणला जाणारे बहुतेक जण तारकर्लीला उतरतात. आम्ही दोघं गावातच राहिलो, आणि पुन्हा गेलो तर तिथंच राहू. धक्का, बाजार, दांडीचा किनारा, सगळं पायी जाण्यासारखं आहे.

घर म्हणजे माडांच्या बागेतला जुना मांगर. पूर्वी त्यात नारळाची सोडणं आणि गवत ठेवत. आता एक खोली, मोरी आणि पुढे शेणानं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. चिऱ्याच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, त्यामुळे भर दुपारीही आत गारवा. दार ठेंगणं आहे, वाकूनच आत जायचं. पाणंद अरुंद असल्यानं गाडी लांब लावावी लागते. सामान कमी न्या आणि रात्रीसाठी बॅटरी जवळ ठेवा. घरमालकीण काकी रोज खळ्याच्या कडेवरून विचारायच्या, "जेवलास मां?" सकाळी घावणे आणि नारळाचा रस असायचा. आदल्या रात्री सांगितलं की काळ्या वाटाण्याचं सांबारही.

सिंधुदुर्गाला पहिल्या होड्यांपैकी एकीनं जा. होडीवाले तासाभरात परत बोलावतात आणि ४८ एकरांच्या किल्ल्याला तासभर पुरत नाही. चढण्याआधीच विचारून घ्या, आम्हाला नंतरच्या होडीनं येऊ दिलं. दरवाजा असा वळणात दडलेला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. तिथली शिवाजी महाराजांची मूर्ती दाढीविना आहे. तिच्यासमोर आम्ही बराच वेळ काही न बोलता बसलो. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि या तीन विहिरींना गोडं! तटावर सावली नाही, टोपी हवीच. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

किल्ल्याआधी मोरयाचा धोंडा बघा, हे मी आग्रहानं सांगेन. दांडीच्या किनाऱ्यावरच्या या खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी इथं पूजा करून महाराजांनी किल्ल्याचा पाया घातला. इथून समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्गाचा तट दिसतो आणि हीच जागा का निवडली ते ध्यानात येतं. आम्ही उलट क्रमानं गेलो, म्हणून संध्याकाळी पुन्हा धोंड्यापाशी आलो.

रेल्वेनं आलात तर कुडाळला उतरा. पुढे साधारण तीस किलोमीटर, एसटी आहे. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते, तेव्हा यायचं तर जागा खूप आधी धरा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताज्या मासळीसाठी तेव्हा येऊ नका.

शेवटच्या संध्याकाळी धक्क्यावर लिलाव बघायला गेलो. बांगडे घेऊन आलो. काकींनी तिरफळं घालून तिखलं केलं आणि आम्ही तिघांनी खळ्यातच पानं मांडली.