काकडं

माझ्या इन्स्टाच्या पेजला दोन वर्षांत ४१२ फॉलोअर झाले होते. त्यांत वर्गातली मुलं, दोन मावश्या, एक आत्या, झाडून सगळे चुलतभाऊ आणि अरबी अक्षरांत नाव असलेली तीन माणसं. ती तिघं माझ्याकडे का आली ते मला आजही कळलेलं नाही. पेजचं नाव इथे सांगत नाही. एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ठेवलेलं आहे, त्यात 'ग्रीन'ही आहे आणि 'सोल'ही आहे. आता बदललं तर लोक ओळखणार नाहीत असं मला वाटतं. कोण लोक, ते विचारू नका.

मी बॉटनीला आहे, टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला. राहायला बदलापूर. बॉटनी घेतली असं सांगितलं की नातेवाईक आधी "अरे वा" म्हणतात आणि चहाचा एक घोट घेऊन "मग पुढे काय?" असं विचारतात. पेज काढलं ते बहुधा त्या घोटाला उत्तर म्हणून. टाकळा, कुर्डू, भारंगी, कवळा, फोडशी, पावसाळ्यात आमच्या आजूबाजूला जे जे उगवतं त्याचे फोटो, खाली नाव, कूळ आणि चार ओळी. कॉलेजात हर्बेरियम करतो तसंच. तिथे वाळवलेलं रोप कागदावर चिकटवायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं: नाव, कूळ, कुठे सापडलं, कधी सापडलं, आणि कुणी गोळा केलं. मॅडम म्हणतात, लेबल नसलेलं रोप म्हणजे नुसता पालापाचोळा. माझ्या पोस्टना लेबल असायचं. लाइक असायचे एकोणीस.

रील या प्रकाराकडे मी जरा वरूनच बघायचो. २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं आणि जुलैत इन्स्टावर रील आले, तेव्हा मी दहावीला होतो आणि शाळा फोनवर भरत होती. एका खिडकीत भूमितीचे सर, दुसऱ्या खिडकीत नाचणारी माणसं. तेव्हा रील पंधरा सेकंदांचं असायचं. आता तीन मिनिटांचं करता येतं. पण करता येतं आणि कुणी बघतं यात फरक आहे, हे मला शिकवलं ते बीएमएसच्या, म्हणजे मॅनेजमेंट शिकणाऱ्या एका मित्राने. त्याचं बाइकचं पेज आहे, तीस हजारांचं. कर्जत लोकलच्या दारात उभं राहून त्याने माझे इनसाइट्स, म्हणजे कुणी किती वेळ बघितलं त्याचे आकडे बघितले. एका रीलचा आलेख उघडला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. रेघ सुरुवातीलाच कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेली होती.

"भावा, तू पहिल्या तीन सेकंदांतच मरतोयस."

मग मी जगायचं ठरवलं. हूक, म्हणजे बघणाऱ्याला पकडून ठेवणारी सुरुवात, ट्रेंडिंग ऑडिओ, दर दोन सेकंदांनी कट. त्या दिवसांत मला काहीही सरळ दिसेना. ताटात वाफाळता भात पडला की आधी उजेड कुठून येतोय ते बघायचो. एकदा आईला म्हटलं, "वरण परत ओत ना, नीट आलं नाही." तिने पातेल्यातलं वरण पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पळी माझ्या हातात देऊन ती आत गेली.

असाच जून आला आणि स्टेशनबाहेर शेवळं आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेवळ म्हणजे सुरणाच्या जातभाईचा फुलोरा. पहिल्या पावसाच्या आसपास, पान यायच्या आधीच तो जमिनीतून भाल्यासारखा वर येतो. जांभळट तपकिरी आवरण, आत लांबट दांडा. ठाणे, पालघर, रायगडात जून संपेपर्यंतच काय ती चैन. ठाकूर, कातकरी बायका पहाटे रानातून खुडून आणतात आणि जुड्या बांधून बसतात. आमच्या शेजारच्या काकू सीकेपी आहेत, त्या सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी घालून करतात आणि त्या दिवशी आमच्या घरात कुणाचंच जेवणात लक्ष नसतं.

मात्र शेवळ खाजरं. सुरण, अळू यांच्यासारखंच त्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेला नि घशाला टोचतात. म्हणून आई आधी हाताला तेल चोळते. बाहेरचं आवरण सोलते, दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळा भाग सुरीच्या टोकाने खरवडून टाकते, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतते. आणि मग काकडं. काकड म्हणजे काकडी नव्हे. आवळ्याएवढी, हिरवी, आंबट फळं असतात, रानातलीच. ती खलबत्त्यात ठेचायची, पाण्यात कोळायची, गाळायची आणि ते आंबट पाणी भाजीत घालायचं. त्या आंबटाने खाज मरते. काकडं नसतील तर चिंच किंवा आमसूल, पण आंबट हवंच.

मी सगळं शूट केलं. तेलाचे हात सुंदर आले होते. जांभळं आवरण सोलताना तर खिडकीतून असा उजेड पडला की मलाच शहारा आला. काकडांचा भाग मात्र कंटाळवाणा होता. आई पाटावर बसून ठेचतेय, ठेचतेय, चोथा दाबतेय, मळकट हिरवं पाणी थेंब थेंब गळतंय. एडिट करताना रील पन्नास सेकंदांचं झालं. मला तीस हवे होते. लाल रेघ पुढेमागे सरकवत बघितलं आणि काकडं कापली. भाजीवर थेट कोथिंबीर पडली. फारच छान कट होता तो.

रविवारी दुपारी टाकलं. संध्याकाळी नऊ हजार, सोमवारी सकाळी लोकलमध्ये साठ हजार, बुधवारी दोन लाख. फॉलोअर ४१२ चे अकरा हजार. वर्गात मुलं "इन्फ्लुएन्सर आले" म्हणायला लागली आणि ते चिडवणं आहे हे कळूनही मला आवडत होतं. एका केसांच्या तेलवाल्याने कोलॅबसाठी विचारलं, मोबदला दोन बाटल्या. बाबांनी विचारलं, "यात मिळतात किती?" मी म्हटलं, अजून काही नाही. ते "अजून" शब्दावर थोडा वेळ थांबले आणि पेपर वाचायला लागले. कमेंटमध्ये "लोकेशन?" विचारणारे शंभर, आईच्या बांगड्या कुठून घेतल्या विचारणारे चाळीस. काकडांबद्दल कुणी बोललं असेल तर त्या गर्दीत मला दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी कमेंट वाचतच नव्हतो, मोजत होतो.

गुरुवारी रात्री पावणेबाराला मेसेज आला. दुसऱ्या शहरातल्या एक बाई. माहेरच्या आठवणीने शेवळं मागवली, कधी केली नव्हती, तुमचं बघून केली, आता माझा आणि मिस्टरांचा घसा विलक्षण खाजतोय, काय करू?

मेसेज वाचून मी पहिल्यांदा काय केलं, तर त्यांनी मला अनफॉलो केलंय का ते बघितलं. नव्हतं केलं. मग आईला उठवायला गेलो.

"काकडं नाही घातली त्यांनी?" आई झोपेतच म्हणाली.

"व्हिडिओत नव्हती."

"मी ठेचली की तुझ्यासमोर."

"मी कापली ती."

आई उठून बसली. तिने दिवा लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मिठाशिवाय लोणचं घातलंय. म्हणाली, "आमसुलाचं पाणी घ्यायला सांग. आणि सूज वाटली, श्वास लागला तर घरात बसू नका म्हणावं, डॉक्टरकडे जा." मी टाइप केलं. पुढचा पाऊण तास दोन अक्षरांकडे बघत बसलो: सीन. सकाळी सहाला उत्तर आलं, आता बरंय. पुढे हात जोडलेला इमोजी. तो नमस्कार होता की कोपरापासून, हे इमोजीत कळत नाही.

टाकलेल्या रीलमधला व्हिडिओ बदलता येत नाही. कॅप्शन बदलता येतं, कमेंट पिन करता येते. मी दोन्ही केलं, 'काकड किंवा चिंच घालणं आवश्यक' असं लिहिलं. व्ह्यूज वाढतच होते आणि पिन केलेल्या कमेंटच्या बरोबर खाली लोक "आजच करणार" असं लिहीत होते. काढून टाकावं तर आकडा जाणार होता. तो आकडा मी दिवसातून किती वेळा बघत होतो ते फोनला माहीत आहे, मी सांगणार नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी रात्री रील आर्काइव्ह केलं. डिलीट नाही केलं. आर्काइव्हमध्ये अधूनमधून जाऊन बघता येतं.

पुढच्या आठवड्यात नवीन केलं, दोन मिनिटं दहा सेकंदांचं. त्यातली चाळीस सेकंद आई नुसती ठेचतेय. ३,१०० व्ह्यूज. आलेखाची रेघ खलबत्त्यापाशी घसरली आहे. बीएमएसवाला म्हणाला, "बघ, इथे मेलास." अकरा हजारांतले सहाशे सोडून गेले, त्यांत अरबीवाले तिघंही.

त्यानंतर जूनच्या शेवटी स्टेशनबाहेर मावशी दिसली, शेवटच्या चार जुड्या घेऊन. मी म्हटलं, "मावशी, नुसती शेवळंच द्या. काकडं आहेत घरी." तिने जुडी पिशवीत ठेवली. मग शेजारच्या पाटीत हात घालून मूठभर काकडं काढली आणि वर टाकली. मी पैसे विचारले तर म्हणाली, "त्याचं नाय," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.