‘व्हायरल’ या शब्दात काय मावत नाही

समाजमाध्यमांवर एखादी गोष्ट झपाट्याने पसरली की ती ‘व्हायरल’ झाली, असे आपण सहज म्हणून जातो. मीही तो शब्द वापरतो, पण हल्ली तो मला तोकडा वाटू लागला आहे. रोग माणसाला विचारून जडत नाही. संदेश पुढे पाठवायचा की नाही हे मात्र दर वेळी कोणीतरी ठरवत असते, मग तो निर्णय मजकूर न वाचता अर्ध्या क्षणात घेतलेला का असेना.

डेली आणि केंडल या गणितज्ञांनी १९६४ साली अफवेचे जे गणिती प्रतिमान मांडले, त्यात हा फरक नेमका टिपलेला आहे. आजारी माणूस काही काळाने आपोआप बरा होतो. अफवा सांगणारा मात्र ‘हे मला केव्हाच कळले आहे’ असे म्हणणारा कोणी भेटला की गप्प होतो. म्हणजे अफवेचा जोर तिच्या प्रसारामुळेच ओसरतो आणि त्या गणितानुसार सुमारे २० टक्के लोकांच्या कानावर ती कधीच जात नाही. अर्थात, त्यात सगळे लोक एकमेकांत सारखेच मिसळतात असे गृहीत धरले आहे, आणि प्रत्यक्षातली माणसांच्या ओळखीपाळखींची जाळी तशी नसतात.

जाळ्याच्या रचनेला किती महत्त्व आहे, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले: जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, त्यामुळे नवी बातमी येते ती तोंडओळखीच्या माणसांकडून. पण सवय बदलायची असेल तर एवढ्याने भागत नाही. समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एकमेकांशी घट्ट गुंफलेल्या जाळ्यांतील सुमारे ५४ टक्के लोकांनी आरोग्यविषयक नवी सुविधा स्वीकारली, तर विस्कळीत जाळ्यांत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर थांबले, कारण एकाच गोष्टीविषयी दोघातिघांकडून ऐकल्याशिवाय माणूस हलत नाही.

खोट्या बातम्यांचे गणित याहून अस्वस्थ करणारे आहे. ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १,२६,००० बातम्यांच्या अभ्यासात, दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागल्याचे आढळले. दोष यंत्रचलित खात्यांच्या माथी मारणे सोयीचे झाले असते, पण ती खाती वगळूनही निष्कर्ष बदलला नाही.

म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ साली एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जगभर लागू केली, तेव्हा मला तो उपाय बरा वाटला. निदान ‘पाठवू का?’ हा प्रश्न पुन्हा माणसासमोर आला. मात्र तोच मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की त्यावर वारंवार फॉरवर्ड केल्याची खूण उरत नाही, आणि ही युक्ती मला शिकवली ती एका कौटुंबिक ग्रुपनेच.