नॅशनल पार्कची परवानगी ते आराखड्यावरची हरकत-सूचना : माझा अनुभव

बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हणजे गेटवर तिकीट काढायचं, आत फिरायचं, सोमवारी बंद, एवढंच आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं. आत काही अभ्यास करायचा असेल तर काय करायचं आणि पार्काच्या भोवतालच्या पट्ट्याचा आराखडा होत असताना आपण त्यात काय बोलू शकतो, हे आसपास कुणालाच धड सांगता येत नव्हतं, म्हणून आम्हाला जे जे करावं लागलं ते सविस्तर लिहितोय.

आम्ही सोसायटीतले काही जण आणि जवळच्या शाळेतल्या दोन बाई, पावसाळा संपला की पार्कातल्या शिलोंडा ट्रेलला फुलपाखरं बघायला जायचो. त्याला निसर्ग माहिती केंद्रात आधी नावं द्यायची आणि सोबत गाईड घ्यायचा, बास. पुढे वाटलं की ओढ्याच्या एका ठराविक टप्प्यात नियमित नोंदी ठेवूया, नीलवंत फुलपाखरू किती दिसतं, चिखलपानाला (ओल्या मातीतले क्षार शोषायला) कोण कोण बसतं वगैरे. तेव्हा तिथल्या साहेबांनी नीट समजावलं की फिरायला येताय तोवर ठीक, पण ठरवून नोंदी घेणार असाल तर तो अभ्यास झाला आणि त्याची परवानगी वेगळी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम 28. वन्यजीवांचा अभ्यास, फोटोग्राफी, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आत राहणाऱ्या लोकांशी कायदेशीर कामधंदा, अशा कारणांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात, आणि त्यांचं ऑफिस नागपूरला. अर्ज आपण इथे पार्काच्या ऑफिसात द्यायचा, तो इथल्या शेऱ्यासकट वर जातो.

अर्जात सगळ्यात महत्त्वाचं काय तर हेतू. नुसतं 'निसर्ग अभ्यास' लिहून भागत नाही. कुठला टप्पा, कोण कोण येणार, त्यांची ओळखपत्रं, काय बघणार, कसं नोंदवणार, काही पकडणार किंवा उचलणार का (आमचं उत्तर स्पष्ट नाही, पानसुद्धा नाही), आणि शेवटी अहवालाची प्रत खात्याला देणार का, हे सगळं साध्या मराठीत लिहिलं आणि सोबत नकाशावर टप्पा रंगवून जोडला. अजून एक, जंगल सलग दिसलं तरी सगळीकडची परवानगी एकाच ठिकाणी मिळत नाही. कान्हेरी लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, तुळशी आणि विहार तलाव महापालिकेच्या पाण्याचे, त्यामुळे तलावाच्या बाजूला जायचं तर पालिकेकडेही विचारावं लागतं. आम्ही टप्पा शिलोंड्याकडेच ठेवला, म्हणून एकाच खात्यात काम झालं. उत्तर यायला वेळ लागला पण मला त्याचं वाईट वाटलं नाही, चार बाजूंनी इमारती असलेल्या 104 चौरस किलोमीटर जंगलात कोण कशासाठी शिरतंय हे कुणीतरी विचारलंच पाहिजे.

आराखड्याचा विषय निघाला तो आमच्या गाईडदादांमुळे. ते आतल्याच पाड्यावरचे. एकदा चालता चालता म्हणाले, तुम्ही आतलं पाणी लिहून ठेवताय ते चांगलंच, पण हेच पाणी भिंतीबाहेर पडलं की त्याच्यात राडारोडा टाकतात, ते कोण लिहिणार? ते डोक्यातच बसलं. दहिसर नदी याच जंगलात तुळशीकडून निघते आणि बाहेर आल्यावर लोक तिला नाला म्हणतात.

तर बाहेरच्या पट्ट्याचं असं आहे. 5 डिसेंबर 2016 ला केंद्राने पार्काभोवती इको सेन्सिटिव्ह झोन (जंगलाच्या कडेचा संवेदनशील पट्टा, जिथे काय करायचं यावर बंधनं असतात) अधिसूचित केला, रुंदी कुठे 100 मीटर तर कुठे 4 किलोमीटर, एकूण 59.46 चौरस किलोमीटर. त्या अधिसूचनेत लिहिलंय की राज्य सरकारने दोन वर्षांत झोनल मास्टर प्लॅन, म्हणजेच या पट्ट्याचा आराखडा, करायचा आणि तो स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून करायचा. दोन वर्षं कधीच उलटून गेली, मसुदा फार उशिरा आला, पण आला आणि हरकती-सूचना मागवल्या गेल्या तेव्हा ही संधी सोडायची नाही असं आम्ही ठरवलं. मूळ अधिसूचना आधी वाचा हे मी कळकळीने सांगेन, कारण त्यात काय पूर्ण बंद (खाणी, नवे प्रदूषण करणारे कारखाने), काय अटींवर चालेल आणि कशाला प्रोत्साहन द्यायचं याचे तक्ते आहेत, आणि आपली सूचना त्या तक्त्यातल्या नेमक्या ओळीला धरून लिहिली की ती बाजूला टाकणं अवघड जातं.

आम्ही 'जंगल वाचवा' असं एकही वाक्य लिहिलं नाही. भावना तीच आहे, पण तेवढ्यावर अधिकाऱ्याला नकाशात बदल काय करायचा ते कळत नाही. आम्ही लिहिलं की नकाशाच्या अमुक शीटवर अमुक ओढा भिंतीबाहेर पडतो, तिथे दोन्ही काठांना मोकळी सोडायची जागा मीटरमध्ये लिहा. जंगलाच्या कडेच्या रस्त्यावरचे दिवे वरून झाकलेले, उजेड फक्त खाली पडेल असे हवेत, कारण पतंग आणि रात्री फिरणारे प्राणी. पर्यटनाच्या भागात सुट्टीच्या दिवशी किती माणसं झेपतील तो आकडा आधी काढा आणि मगच नव्या सोयी ठरवा. प्रत्येक मुद्द्याला फोटो, आणि आतल्या टप्प्याच्या ज्या नोंदी परवानगीने घेतल्या होत्या त्यांचा गोषवारा. परवान्याचा क्रमांक खाली लिहिता आला याचा उपयोग झाला, माहिती कुठून आणली हा प्रश्नच आला नाही.

पाड्यावर मसुदा वाचायला बसलो ती संध्याकाळ मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. पोरांच्या मोबाईलवर नकाशा मोठा करून बघत होतो, मराठीत एकेक कलम सांगत होतो, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ते सगळं राहू दे, माझं घर कुठल्या रंगात बसतं ते सांग." खरं म्हणजे सगळ्या आराखड्याचा प्रश्न हाच. वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं इथे पार्क व्हायच्या आधीपासून आहेत, काहींचे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावे आहेत, आणि अधिसूचनेतच म्हटलंय की वस्त्या आणि आदिवासी भाग नकाशावर दाखवा. त्यांनी त्यांची पत्रं स्वतःच्या शब्दांत लिहिली, आम्ही फक्त शीट क्रमांक शोधून दिले. त्यांच्या वतीने आम्ही बोलायचं नाही हे आधीच ठरलेलं.

पत्रं देताना दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्याच, ईमेल केला असला तरी. सुनावणीत बोलायला थोडाच वेळ मिळतो, म्हणून एकाने ओढा, एकाने दिवे असं वाटून घेतलं आणि मावशी स्वतः उभ्या राहून घराबद्दल बोलल्या, शीट क्रमांकासकट. समोरच्या साहेबांनी तो लिहून घेतला.

अंतिम आराखड्यात यातलं काय येतं ते बघायचंय. आमच्या कुठल्या सूचनेचं काय झालं आणि नाकारली तर कारण काय, ते लेखी कळवा असं पत्र दिलंय, त्याचीही पोच घेतलीय, आणि उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणार आहोत.