तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडं करमतं का?

जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून सोलापूरला सुट्टीत आले की नवी पेठेत, कुणाच्या लग्नात, बँकेच्या लाईनीत कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडं करमतं का गं?" आणि ज्या मुली आता जर्मनीचं बघतायत, जर्मन भाषेच्या बी-वन पातळीच्या क्लासला जातायत त्या जरा खोलात जातात, "ताई, जीव इकडंच अडकला असेल तर तिथं रोजचं जगायचं कसं?" घाईत मी "करमतं की" म्हणून पुढं जाते. पण प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून आज नीट लिहितेय.

घरची आठवण येते, येणारच, आणि खरं सांगू का, आठवणीचा काही त्रास नसतो. त्रास तात्पुरतं राहण्याचा असतो. हॅम्बुर्गच्या पहिल्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघी होतो, सगळ्या महाराष्ट्रातल्या, आणि एकीचीही सूटकेस पूर्ण रिकामी झालेली नव्हती. गादी जमिनीवर, पडद्याच्या जागी ओढणी, एकच कढई चौघींत, कशाला घ्यायचं, दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे. पंचविशीतली दोन-तीन वर्षं म्हणजे काय थोडी असतात का? पण तिथं ती कुणी मोजतच नाही, खरं आयुष्य परत गेल्यावर सुरू होणार असं सगळ्यांनी धरलेलंच असतं.

त्यात घड्याळ. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढं, उन्हाळ्यात साडेतीन. डिसेंबरात तिथं चारलाच अंधार पडतो, सहाला ऑफिसातून घरी यावं तर सोलापुरात साडेदहा वाजलेले, आईच्या डोळ्यावर झोप, मैत्रिणींचे ग्रुप शांत, मग दिवसभर घरच्यांनी काय काय टाकलंय ते स्क्रोल करत बसायचं आणि बघता बघता अकरा वाजतात, म्हणजे ना घरच्यांशी धड बोलणं झालं ना हॅम्बुर्गची संध्याकाळ बघितली. ध्यान, श्वास, जर्नल वगैरे लोक सांगतात, करणाऱ्यांनी जरूर करावं, पण मला वाटतं मुळात ही संध्याकाळ सोडवून घेतली पाहिजे.

मी ती एल्बं नदीवर सोडवून घेतली. लांडुंग्सब्रुकेनच्या धक्क्याहून फिंकेनवेर्डरला ६२ नंबरची फेरीबोट जाते, बस-मेट्रोच्या पासवरच चालते, वेगळे पैसे नाहीत. वरच्या डेकवर उभं राहायचं, फोन खिशात. एका बाजूला बंदरातल्या उंचच उंच क्रेन, कंटेनरनी भरलेली जहाजं इतकी जवळून जातात की त्यांच्या लाटांनी फेरी हलते, वाऱ्याला डिझेलचा आणि पाण्याचा वास. जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो, फिंकेनवेर्डरला उतरून परतीची फेरी धरली तरी आकाश लखलखीत. आमच्या सोलापुरातल्या मुलीला एवढं पाणी बघून आधी दडपायलाच होतं! आता मात्र ती नदी माझी वाटते, कुठल्या वळणावर वारा बोचतो ते पाठ झालंय.

आणि घरी फोन रविवारी. तिथं रविवारी दुकानं बंद असतात, गडबड काही नाही, सकाळी अकराला लावायचा, इकडं दुपारची जेवणं उरकलेली, मग तासभर निवांत. रोज पाच वेळा "जेवलीस का" विचारण्यापेक्षा हा एक तास मला लाखमोलाचा वाटतो. गड्ड्याचंही, म्हणजे संक्रांतीच्या आमच्या सिद्धेश्वर यात्रेचंही, तसंच. नंदीध्वजांची, त्या सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक आता लाईव्ह दिसते, तर त्या सकाळी मी सरळ अर्धी रजा टाकते आणि सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा मांडी घालून पूर्ण बघते, सातही नंदीध्वज डोळे भरून, आणि मग लॅपटॉप उघडते. मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बघितलेला गड्डा ना धड इकडचा ना तिकडचा.

आपल्या सोलापूरकरांना हे कुणी वेगळं शिकवायची गरज आहे असंही नाही. पूर्व भागात जाऊन बघा. पद्मशाली कुटुंबं तेलंगणातून इथं आली, घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि जी चादर आज सोलापूरची म्हणून जगभर जाते ती त्यांच्याच मागांवर नावारूपाला आली. आमच्या शेजारच्या अव्वांच्या सासरच्यांनी इथं आल्यावर आधी माग बसवला, घराला दार मागनं लागलं असं त्या सांगतात. किंवा डॉ. कोटणीस बघा. १९१० सालचा सोलापुरातला जन्म, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ऐन युद्धात, पण तिथली भाषा शिकले, लिहायलासुद्धा, हॉस्पिटल चालवलं, १९४१ मध्ये तिथंच लग्न केलं. १९४२ च्या डिसेंबरात वारले तेव्हा वय अवघं ३२. त्यांचं स्मारक लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलं होतं तेव्हा काही कळलं नव्हतं, आता त्यांच्याच वयाच्या आसपास आल्यावर वाटतं, केवढं भरभरून जगले ते त्या चार वर्षांत.

तर मुलींनो, पहिल्या पगारात चांगली दुलई घ्या, पडदे लावा, सूटकेस रिकामी करून माळ्यावर टाका. क्लासमधलं जर्मन परीक्षेपुरतं असतं, खरं शेजारच्या दारात येतं. माझ्या शेजारी एक सत्तरीच्या काकू आहेत, त्यांना शेंगाचटणी नेऊन दिली, त्या ती ब्रेडला बटर लावून वरनं भुरभुरून खातात, आणि तेव्हापासून जिन्यात भेटल्या की आमच्या तासतास गप्पा. या सगळ्या गोष्टी मी आईला रविवारी सांगते. आता ती मला जेवणाचं विचारायच्या आधी त्यांचं विचारते, गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, जिना चढतायत का. चढतायत म्हटलं, तर म्हणाली, येताना त्यांच्यासाठी एक चादर घेऊन जा, निळी आवडेल का विचारून ठेव.